खोकला, मेडिकल आणि क्षयरोग

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना तीन आठवड्यांपासून खोकला आहे आणि अधूनमधून ताप येतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दोनदा गोळ्या आणल्या, पण फरक पडला नाही. अशा दुकानांवर कितपत विसंबावे? याविषयी काही संशोधन झाले आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : संशोधन झाले आहे आणि तुमच्या सासऱ्यांना होणाऱ्या त्रासाशी त्याचा थेट संबंध आहे. २०१४-१५मध्ये मुंबई, दिल्ली आणि पाटणा येथील ६२२ औषध दुकानांत प्रशिक्षित माणसांना रुग्ण म्हणून पाठवण्यात आले. काहींनी फक्त दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप सांगितला, तर काहींनी क्षयरोग निश्चित झाल्याचा थुंकीचा अहवालही सोबत नेला. प्रतिजैविके (अँटिबायोटिक) किंवा स्टेरॉइड न देता डॉक्टरांकडे पाठवणे ही योग्य वागणूक मानली, तर पहिल्या प्रकारच्या भेटींत ती केवळ १३ टक्के वेळा दिसली. अहवाल हाती असताना मात्र ६२ टक्के. नुसती लक्षणे सांगणाऱ्यांना ३७ टक्के भेटींत प्रतिजैविके मिळाली. क्षयरोगाची मुख्य औषधे मात्र एकाही दुकानाने दिली नाहीत.

या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. आजाराचे नाव समोर आल्यावर जो विक्रेता हात आवरतो, त्याला केवळ नफेखोर म्हणून निकालात काढणे योग्य नाही. संशयित रुग्णाला कुठे पाठवायचे, हे त्याला ठाऊक हवे आणि आरोग्य यंत्रणेने त्याला आपला माणूस मानायला हवे. कायद्याने त्याच्यावर जबाबदारी टाकलेलीच आहे : १ मार्च २०१४पासून क्षयरोगाची औषधे अनुसूची एच-१मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत असल्याने त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते आणि मार्च २०१८च्या अधिसूचनेनुसार ही औषधे घेणाऱ्या रुग्णाची माहिती औषधविक्रेत्यांनीही सरकारला कळवायची असते.

आता तुमच्या सासऱ्यांविषयी. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात थुंकीची तपासणी हवीच. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविके क्षयाच्या जंतूंवरही थोडाफार परिणाम करतात. त्यामुळे काही दिवस बरे वाटते आणि निदान लांबते. म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे फेकून न देता डॉक्टरांना दाखवा, आणि तपासणी होईपर्यंत तिसऱ्यांदा त्या दुकानातून गोळ्या आणू नका. त्यांचे वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर उद्याच घेऊन जा.