तिशीनंतरचे ४२२ गोल

६ एप्रिल २०२५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या एल्मंट इथे वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या अलेक्झांडर ओवेच्किनने एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमधला आपला ८९५वा गोल केला आणि वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. आइस हॉकीतल्या या विक्रमाबद्दल आणि त्याआधीच्या काही हंगामांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

ग्रेट्स्कीने एका हंगामात ९२ गोल केले होते. ओवेच्किनचा सगळ्यात मोठा हंगाम ६५ गोलांचा. मग तो पुढे गेला कसा?
— एक वाचक, डोंबिवली

दोघांच्या कारकिर्दी वयाच्या तिसाव्या वर्षाशी कापून बघा, उत्तर तिथेच मिळतं. तीस पूर्ण होण्याआधी सुरू झालेल्या हंगामांत ग्रेट्स्कीचे ७१८ गोल होते आणि ओवेच्किनचे ४७५. म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर ओवेच्किन २४३ गोलांनी मागे होता. तिशीनंतरच्या आठ हंगामांत ग्रेट्स्कीने १७६ गोल केले. ओवेच्किनने २०१५-१६ ते २०२४-२५ या दहा हंगामांत केले ४२२: अनुक्रमे ५०, ३३, ४९, ५१, ४८, २४, ५०, ४२, ३१ आणि ४४. यातला २४ चा आकडा करोनामुळे ५६ सामन्यांवर आलेल्या हंगामातला आहे आणि त्यातलेही ४५च सामने तो खेळला.

ग्रेट्स्कीची पाठ १९९१ पासून दुखावलेली होती. १९९२-९३ मध्ये तो ४५ सामनेच खेळू शकला आणि त्याचे गोल १६ वर आले. शिवाय तो मुळात पास देणारा खेळाडू होता. त्याच्या नावावर १,९६३ असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलाआधी दिलेले पास) आहेत आणि वय वाढलं तसा त्याचा खेळ आणखी पासकडे झुकला. ओवेच्किनने उलट केलं. धावपळ कमी झाली, पण गोलवर फटके मारणं त्याने सोडलं नाही. फटक्यांचं गोलात रूपांतर होण्याचं त्याचं प्रमाण सुमारे १३ टक्के आहे, ग्रेट्स्कीचं १७.६. तरीही एनएचएलच्या इतिहासात गोलच्या दिशेने सर्वाधिक फटके मारणारा ओवेच्किनच आहे. त्याचा विक्रम या सातत्यातून उभा राहिला. २० हंगाम, आणि एकाही हंगामात २० पेक्षा कमी गोल नाहीत. आमच्या मते ८९५ या आकड्यापेक्षा ही गोष्ट जास्त अवघड आहे.

दोघांचा काळ वेगळा होता. तुलना योग्य आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

काळाचा फरक ओवेच्किनच्या बाजूने झुकतो. १९८१-८२ मध्ये एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत. ओवेच्किन खेळला त्या बहुतेक वर्षांत ही सरासरी साडेपाच ते सहाच्या आसपास राहिली. ऐंशीच्या दशकातले बरेच गोलकीपर उभ्यानेच फटका अडवत. आताचे गुडघे आत वळवून दोन्ही पॅड बर्फावर टेकवतात आणि खालची बाजू बंद करून टाकतात. पॅडही मोठे झाले आहेत.

सामनेही त्याचेच जास्त बुडाले. २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, ओवेच्किनची पहिल्या क्रमांकावर निवड झाली आणि लगेच पुढचा ८२ सामन्यांचा अख्खा हंगाम संघमालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीत गेला. २०१२-१३ चा हंगाम ४८ सामन्यांचा झाला. करोनाने वॉशिंग्टनचे २०१९-२० मधले १३ आणि पुढच्या हंगामातले २६ सामने खाल्ले. ग्रेट्स्कीलाही १९९४-९५ ची टाळेबंदी भोवली होती, हे मात्र विसरू नये. योगायोग असा की ८९५वा गोल ओवेच्किनच्या १,४८७व्या सामन्यात झाला आणि ग्रेट्स्की एकूण सामने खेळला तेही १,४८७च.

२०२३-२४ मध्ये तो संपला असं सगळे म्हणत होते. तेव्हा नेमकं काय बिघडलं होतं?
— एक वाचक, कोल्हापूर

त्या हंगामातल्या त्याच्या पहिल्या ४३ सामन्यांत फक्त ८ गोल झाले होते. पुढच्या ३६ सामन्यांत २३ झाले. एकाच हंगामातले हे दोन तुकडे नीट बघण्यासारखे आहेत.

पहिल्या तुकड्यात बऱ्याच गोष्टी एकदम आल्या. निक्लस बॅकस्ट्रॉम हा त्याचा वर्षानुवर्षांचा पास देणारा जोडीदार खुब्याच्या दुखण्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच खेळातून बाजूला झाला. प्रशिक्षक स्पेन्सर कार्बेरी नवे होते, पॉवर प्लेची घडी बसली नव्हती. पॉवर प्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतो आणि आपण पाच विरुद्ध चार खेळतो. ओवेच्किनचं मोठं भांडवल तिथेच आहे. डेव्ह अँड्रेचकचा २७४ पॉवर प्ले गोलांचा विक्रम त्याने २०२१ च्या अखेरच्या दिवशी मोडला होता. ही पाच जणांची रचना विस्कटली की त्याच्यापर्यंत पक (खेळातली रबरी चकती) उशिरा पोहोचतो, आणि अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तरी गोलकीपर जागेवर येऊन उभा असतो.

दुसरं कारण साध्या गणिताचं. शेकडा तेरा गोल करणाऱ्याचे फटके काही आठवडे शेकडा पाच-सहाच आत गेले, तर लगेच वय झालं असं म्हणता येत नाही. अशा वेळी फटके किती आणि कुठून मारले जातायत ते बघावं. फटके त्याच जागांवरून येत असतील तर आकडे सावरतात, इथेही सावरले. त्या वसंतात प्ले-ऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, मात्र न्यूयॉर्क रेंजर्सने वॉशिंग्टनला मालिकेत ४-० असं हरवलं आणि ओवेच्किनला एकही गोल करता आला नाही. शंका घेणाऱ्यांकडे कारण होतंच.

पाय मोडल्यावरही त्याच हंगामात विक्रम कसा झाला?
— एक वाचक, सांगली

२०२४-२५ सुरू झाला तेव्हा त्याच्या खात्यावर ८५३ गोल होते. विक्रमासाठी ४२ हवे होते, वय ३९. पहिल्या १८ सामन्यांत १५ झाले. १८ नोव्हेंबरला युटाविरुद्ध दोन गोल केल्यानंतर एका टकरीत त्याच्या डाव्या पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, मोडलं. शरीराचा बहुतेक भार शेजारचं जाड हाड पेलतं, त्यामुळे ही इजा त्या मानाने लवकर भरते. पण उजव्या हाताने फटका मारणाऱ्याचं वजन फटक्याच्या क्षणी डाव्या पायावर येतं, म्हणून त्याच्यासाठी डावा पाय जास्त महत्त्वाचा. १६ सामने हुकले. बरोबर चाळिसाव्या दिवशी, २८ डिसेंबरला, तो टोरांटोत परतला आणि त्याच सामन्यात ८६९वा गोल केला. तिथून हंगाम संपेपर्यंत ४७ सामन्यांत २९ गोल झाले.

कार्बेरीने केलेला एक बदल इथे सांगायलाच हवा. आधीच्या वर्षांत सामन्यामागे साधारण २० मिनिटं बर्फावर असणारा ओवेच्किन या हंगामात १८ मिनिटांच्या आत आला. शिफ्ट (एका वेळी बर्फावर राहण्याचा वेळ) लहान, विश्रांती जास्त. परिणाम असा की ६५ सामन्यांत ४४ गोल, म्हणजे सामन्यामागे ०.६८. त्याची कारकिर्दीची सरासरी ०.६० आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी माणूस स्वतःच्याच सरासरीच्या वर खेळत होता!

मी मुलांना इनलाइन हॉकी शिकवतो. डाव्या वर्तुळातून ओवेच्किन मारतो तो फटका शिकवता येईल का?
— एक प्रशिक्षक, पुणे

येईल, पण आधी तो तिथे का उभा राहतो ते मुलांना समजावून सांगा. तो उजव्या हाताचा खेळाडू आहे. डाव्या बाजूला उभं राहिलं की त्याच्या स्टिकचं पातं मैदानाच्या मध्याकडे येतं आणि उजवीकडून आलेला पास न थांबवता थेट मारता येतो. हाच वन-टायमर. उजव्या हाताच्या मुलाला उजव्या बाजूला उभं केलंत तर पक अंगापुढून पलीकडे जाऊ द्यावा लागेल आणि सगळा फायदा गेला. डावखुऱ्या मुलांसाठी उजवं वर्तुळ.

आता अंतर मोजू. फेस-ऑफचा ठिपका, म्हणजे त्या वर्तुळाचा मध्य, गोलरेषेपासून २० फूट आणि दोन्ही गोलांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेपासून २२ फूट असतो. म्हणजे गोलच्या मध्यापासून जवळपास ३० फूट. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा पक हे अंतर ०.२३ सेकंदात कापतो. माणसाला नुसतं पाहून हालचाल सुरू करायलाच साधारण तेवढा वेळ लागतो. त्यात पास एका बाजूकडून दुसरीकडे आलेला असल्यामुळे गोलकीपर अजून सरकतच असतो. गोल फक्त सहा फूट रुंद आहे, तरी तेवढं सरकणं त्याला पुरत नाही.

सरावाचा क्रम असा ठेवा. आधी थांबलेल्या पकवर २० फटके. खालचा हात स्टिकच्या साधारण मध्यापर्यंत घ्यायचा, पक पुढच्या पायाच्या टाचेसमोर. मग पाच-सहा मीटरवरून जमिनीलगत हळू पास, ३० फटके. स्टिक आधीच मागे उचललेली हवी, पास आल्यावर उचलायची नाही. नंतर पासचा वेग वाढवा, आणि सगळ्यात शेवटी पास मुद्दाम अर्धा फूट पुढे-मागे द्या. ओवेच्किनची खरी कला इथे दिसते. वाईट पासवर तो हात वाकडे करत नाही, पाय हलवून पक योग्य जागी आणतो. मागचा गुडघा जवळजवळ बर्फाला टेकतो, त्यामुळे थोडा मागे पडलेला पासही मारता येतो.

चुका बहुधा याच होतात: नजर पकऐवजी गोलवर, मग पक पात्याच्या टोकाला लागतो. वजन मागच्या पायावर राहिलं की पक आडव्या दांडीवरून जातो. स्टिक खांद्याच्या वर नेली की वेळ चुकते. मुलांना कमरेपर्यंतचा झोका पुरतो.

एक इशारा. बर्फावर स्टिक पकच्या पाच-दहा सेंटिमीटर मागे आपटतात, ती धनुष्यासारखी वाकते आणि सुटताना पकला ढकलते. काँक्रीटवर असं केलंत तर पातं झिजेल किंवा फुटेल आणि मनगटाला झटका बसेल. तिथे पकच्या अगदी मागे, दोन-तीन सेंटिमीटरवरच टेकवा. स्टिकचा फ्लेक्स, म्हणजे तिच्या कडकपणाचा आकडा, मुलाच्या पौंडांतल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ठेवायची पद्धत आहे. ४० किलोच्या मुलाला ४५ च्या जवळचा. मोठ्यांची स्टिक कापून लहान मुलाला देऊ नका, कापली की ती आणखी कडक होते आणि मुलाला वाकवता येत नाही.

ओवेच्किनला एक माणूस चिकटवून ठेवला की झालं, असं प्रतिस्पर्धी का करत नाहीत?
— तेच प्रशिक्षक

करतात. पण मग उरलेल्या बर्फावर वॉशिंग्टनचे चार आणि बचावाचे तीन उरतात. वरच्या टोकाला वर्षानुवर्षं असलेला जॉन कार्लसन स्वतः फटका मारू शकायचा, गोलसमोर एक जण आणि मधोमध आणखी एक. ८९५वा गोल पॉवर प्लेवरच झाला. दुसऱ्या सत्रात टॉम विल्सनचा पास आला आणि डाव्या वर्तुळातून मारलेल्या फटक्यावर न्यूयॉर्क आयलंडर्सचा गोलकीपर इल्या सोरोकिन हरला. जागा सगळ्यांना ठाऊक होती.

रिकाम्या गोलमध्ये केलेले गोल मोजायचे का?
— एक वाचक, नाशिक

मोजायचे. पिछाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटांत गोलकीपर काढून सहावा खेळाडू उतरवतो. त्या वेळी प्रशिक्षक ज्याच्यावर आघाडी राखण्याचा भरवसा आहे त्यालाच बर्फावर ठेवतो. ग्रेट्स्कीचे असे ५६ गोल होते, ओवेच्किनने तोही आकडा मागे टाकला. आता गोलकीपर पूर्वीपेक्षा लवकर काढतात, म्हणून संधी थोड्या वाढल्या, हे खरं. गॉर्डी हाउच्या ८०१ गोलांना मागे टाकणारा त्याचा ८०२वा गोल, २३ डिसेंबर २०२२ चा, रिकाम्या जाळ्यातलाच होता.

प्ले-ऑफ धरले तर?
— एक वाचक, मडगाव

मग ग्रेट्स्की पुढे. त्याचे प्ले-ऑफमध्ये १२२ गोल, एकूण १,०१६. २०२५ चे प्ले-ऑफ संपले तेव्हा ओवेच्किनचे ८९७ अधिक ७७, म्हणजे ९७४. विक्रमांच्या यादीत मात्र नेहमीच नियमित हंगामाचे गोल धरले जातात.

सचिनच्या शंभराव्या शतकाची आठवण झाली. या वयात इतके गोल आणखी कुणी केलेत?
— एक वाचक, ठाणे

तुमची तुलना एका बाबतीत तंतोतंत जुळते. मीरपूरला शंभरावं शतक झालं तो सामना भारत हरला, आणि ८९५वा गोल झाला तो सामना वॉशिंग्टन ४-१ ने हरलं. मात्र सचिनला शंभराव्या शतकासाठी वर्षभर वाट बघावी लागली होती. इथे ८९३ आणि ८९४ हे गोल एकाच रात्री, ४ एप्रिलला शिकागोविरुद्ध झाले आणि ८९५वा लगेच पुढच्या सामन्यात.

वयाचं म्हणाल तर हाउने १९६८-६९ मध्ये चाळिसाव्या वर्षी ४४ गोल केले होते. ओवेच्किनच्या २०२४-२५ चा आकडा तोच. हाउ पुढे ५१व्या वर्षी परत आला आणि ८० सामन्यांत १५ गोल करून गेला, त्याला तोड नाही. टेमू सेलानेने चाळिशीत एका हंगामात ३१ केले. यारोमिर यागर २०१५-१६ मध्ये, ४४ वर्षांचा होत असताना, २७ गोलांवर होता. त्याचे एकूण ७६६, आणि मधली तीन वर्षं तो रशियात खेळत होता. एका हंगामात ५० गोल करणारा सगळ्यात वयस्क खेळाडू मात्र ओवेच्किनच, २०२१-२२ मध्ये, वय ३६.

१७ सप्टेंबर २०२५ ला तो चाळीस वर्षांचा झाला. ५ नोव्हेंबरला सेंट लुईस ब्लूजविरुद्ध त्याचा ९००वा गोल झाला. तिथवर त्याच्याआधी कुणीही पोहोचलेलं नव्हतं.