मनातलं, मुलांचं : मामावर गेलाय का?

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा, चौथीत आहे. बालवाडीपासून एका जागी टिकत नाही. डबा, बाटली, स्वेटर, सगळं शाळेत विसरून येतो. मूड दिवसातून दहादा बदलतो. गणिताला बसवलं की आरडाओरडा आणि अर्ध्या तासात गळ्यात पडतो. शाळेच्या समुपदेशकांना एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) वाटतो. पण माझ्या भावाला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा मनाचा आजार) आहे, तो त्यावर लिथियम घेतो. जाऊबाई म्हणतात, ‘मामावर गेलाय.’ कसं ओळखायचं? – एक आई, मिरज

उत्तर : जाऊबाईंचं निदान तूर्त बाजूला ठेवू. तुम्ही जाता जाता लिहिलंत की हे बालवाडीपासून आहे, त्याला मी जास्त महत्त्व देते. एडीएचडी बारा महिने तेरा काळ असतो, घरी आणि शाळेत, आणि १२ वर्षांच्या आत दिसू लागतो. बायपोलरच्या पाळ्या येतात. ‘दिवाळीपर्यंत बरा होता, मग पार बदलला,’ असं आई सांगते. उन्मादाची, म्हणजे अति उत्साहाची पाळी निदान आठवडाभर चालते, सौम्य असली तरी ४ दिवस. तासातासाला पालटणारा मूड म्हणजे बायपोलर नव्हे. गणिताची वही उघडली की येणारा राग तर नव्हेच. एडीएचडीच्या मुलांना भावना आवरणं मुळातच जड जातं.

मी झोपेबद्दल फार खोदून विचारते. एडीएचडीचं मूल रात्री अकरापर्यंत गादीवर लोळेल, पण सकाळी उठवताना तुमचा घसा बसेल. उन्मादातलं मूल ३ तास झोपून पहाटे कपाट आवरायला घेतं आणि दिवसभर थकत नाही. बढाईचंही तसंच. ‘मी क्रिकेटर होणार’ हे सगळीच मुलं म्हणतात. ‘हेडसरांना काही कळत नाही, सोमवारपासून शाळा मी चालवणार’ असं म्हणून खरंच त्यांच्या खुर्चीत जाऊन बसला, तर मात्र मी सावध होईन.

नवव्या वर्षी खरा बायपोलर विरळाच. तो बहुधा किशोरवयात किंवा त्यानंतर डोकं वर काढतो. अमेरिकेत मध्यंतरी चिडक्या मुलांना हे लेबल सर्रास लागलं. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुलांच्या अशा निदानाच्या डॉक्टरभेटी जवळजवळ ४० पट झाल्या! अखेर २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेत सततच्या चिडचिडीसाठी वेगळं निदान आणावं लागलं. लेबलामागोमाग जड औषधं येतात, म्हणून मला त्याची धास्ती.

तरी भावाचा आजार डॉक्टरांपासून लपवू नका. आई-वडिलांना असेल तर धोका जास्त, मामाला असेल तर त्याहून कमी, पण असतो. दोन्ही आजार एकत्र निघाले तर आधी मूड स्थिर करतात, लक्षाचं औषध मागाहून. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध सुरू झालं तर भूक मंदावेल, झोप थोडी लांबेल, त्याला घाबरू नका. पण झोपच नको झाली आणि बडबड थांबेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच फोन करा.

बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज झोपायची-उठायची वेळ आणि भडका कशावरून उडाला ते लिहा. वर्गशिक्षिकांकडून अर्धं पान लिहून आणा. आणि भावाची पहिली पाळी कितव्या वर्षी आली, हे त्याला विचारून ठेवा. पहिल्याच भेटीत तो प्रश्न येणार.