रिकम्बंट सायकलच्या ब्रेक आणि गिअरच्या केबल घरच्या घरी बदलता येतील का?

येतील. रिकम्बंट म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची आडवी सायकल. मागचा ब्रेक दाबला की स्पंजासारखा आत जातो, मागचे गिअर मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरतात, आणि नवी आणलेली केबल मागच्या चाकापर्यंत पोचतच नाही, तर दोन केबल जोडून चालेल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: जोडू नका. गिअरची जोडलेली केबल फार तर वैताग देईल. ब्रेकची मात्र नेमकी जोर लावाल तेव्हाच निसटेल.

साध्या सायकलची गिअर केबल साधारण दोन मीटरची असते. माझ्या रिकम्बंटवर मागच्या गिअरची केबल मोजली तर दोन मीटर साठ सेंटिमीटर भरली. साधी केबल अशी अपुरी पडण्याला थोडा इतिहासही कारण आहे. 1933 मध्ये फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने आडव्या सायकलवर तासात 45.055 किलोमीटरचा विक्रम केला आणि पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने असल्या सायकली शर्यतीबाहेर काढल्या. तेव्हापासून सुटे भाग मुख्यतः उभ्या सायकलींच्या मापाने बनत आले. आपण मागायची ती टँडम केबल, म्हणजे दोघांनी चालवायच्या सायकलची. ती तीन मीटर किंवा त्याहून लांब मिळते. तरीही आधी आपली जुनी केबल मोजा आणि पाकिटावरची लांबी वाचूनच घ्या.

घेताना दोन गोष्टींत गल्लत होते. एक, टोकाचा मणी. ब्रेकच्या तारेला सपाट हँडलच्या लिव्हरसाठी आडवा दंडगोल असतो आणि रोड सायकलच्या लिव्हरसाठी नासपतीच्या आकाराचा. एकाच्या जागी दुसरा बसवू नका. जुना मणी खिशात टाकून न्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती म्हणजे बाहेरची नळी, आउटर. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या, सरळ असतात आणि त्यांना धरून ठेवायला जवळजवळ फक्त प्लास्टिक असतं. हा आउटर ब्रेकला लावलात तर जोरात दाबल्यावर तो फाटू शकतो. तुमच्या ब्रेकचा स्पंजपणा बराचसा लांबलचक गुंडाळीच्या आउटरमुळे असणार, कारण दाबाखाली प्रत्येक वेढा थोडा थोडा आवळतो. त्यावर उपाय हवा असेल तर न आवळणारा, पण खास ब्रेकसाठीच म्हणून विकला जाणारा आउटर घ्या.

आता काम. सगळ्या केबल एकदम काढू नका. एक काढा, ती बसवा, मग दुसरी. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कारण सीटखालून कोणती नळी कुठून जाते ते तासाभरात विसरायला होतं. मागच्या गिअरची केबल काढताना आधी सर्वांत लहान चकतीवर या, म्हणजे तार सैल पडते आणि शिफ्टरमधला, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्यातला, मणी भोकासमोर येतो.

मी जुना आउटर काढला तेव्हा सीटखालच्या वळणातून तपकिरी पाणी ठिबकलं. रिकम्बंटवर नळ्या खालून जातात, सखल भागात पाणी साठतं आणि तार तिथेच गंजते. आतली तार ओढताना तिचा एक तुटका धागा अंगठ्यात शिरला तो वेगळाच. तेव्हा हातमोजे घाला.

आउटर कापायला केबल कटरच हवा. पक्कडीने नळी चेपते. कापताना आत जुन्या तारेचा तुकडा ठेवला की भोक मिटत नाही. तरी कापलेलं टोक निरखून पाहा. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टीचं टोक आकड्यासारखं आत वळलेलं असतं. ते कानशीने सपाट करा आणि आतली प्लास्टिकची नळी टोच्याने गोल उघडा. गिअरच्या आउटरचंही आतलं भोक असंच उघडा. गिअर अडण्याचं कारण पुष्कळदा या एका टोकात असतं, आणि लोक मात्र डिरेलरचे, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाचे, स्क्रू फिरवत बसतात. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या आउटरमध्ये घट्ट ग्रीस भरू नका. धूळ धरून ते आणखी जड होतं.

नळीची लांबी ठरवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. मी पहिल्यांदा हँडल सरळ ठेवून मापलं होतं. फिरायला निघालो आणि पहिल्याच डाव्या वळणावर मागचा ब्रेक आपोआप लागायला लागला! नवा आउटर गेला कचऱ्यात. जुना आउटर चांगला बसत असेल तर सरळ त्याच्याच मापाने कापा. तार मात्र पूर्ण ओवून, ताणून, बोल्ट आवळल्यावरच कापा आणि टोकाला टोपी दाबून बसवा.

ब्रेक जोडल्यावर, सायकलवर बसण्याआधी, लिव्हर पूर्ण जोराने पंधरा-वीस वेळा दाबा. आउटरची टोकं आपापल्या खोबणीत बसतात, लिव्हर सैल होतो. मग तार पुन्हा ताणून घ्या. गिअरसाठी ताण जुळवायची गोल चकरी सुरुवातीला जवळजवळ पूर्ण आत ठेवा. साखळी मोठ्या चकतीवर चढायला कचरत असेल तर चकरी अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढत चला. उतरायला कचरत असेल तर आत. डिरेलरच्या दोन मर्यादा-स्क्रूंना हात लावायची गरज नाही, केबल बदलल्याने त्यांची जागा बदलत नाही. थोडं चालवल्यावर ताण पुन्हा एकदा तपासावा लागतो.

आणि पुढेही डिरेलर असेल आणि तुम्ही सायकल घरात दुसऱ्या कुणाला चालवायला देत असाल, तर पेडल ज्यावर बसवलेले असतात तो पुढचा दांडा त्याच्या पायांच्या मापाला बाहेर ओढला जाईल. तो सर्वांत बाहेर असताना पुढच्या केबलची नळी पुरते ना, हे कापण्याआधी बघून ठेवा.