कठीण काळातील उपकारस्तुती: आभार कोणी मानावेत, आणि कसे?

प्रश्न: मी आमच्या मेथॉडिस्ट मंडळीच्या समितीची चिटणीस आहे. गेले वर्ष आम्हाला फार जड गेले. बऱ्याच घरांतील कमावत्या माणसांचे काम सुटले, काही ज्येष्ठ आणि एक तरुण सभासद प्रभूमध्ये निजले, आणि पाळकसाहेब आजारपणामुळे अनेक महिने उपासना चालवू शकले नाहीत. या काळात सभासदांनी एकमेकांसाठी पुष्कळ केले. आता वार्षिक उपकारस्तुतीचा रविवार जवळ आला आहे. समितीतील काहींचे म्हणणे असे की, ज्या कुटुंबांना मदत मिळाली त्यांनी पुढे येऊन साक्ष द्यावी आणि देणाऱ्यांची नावे घेऊन आभार मानावेत, म्हणजे देणाऱ्यांचा हुरूप वाढेल. काहींना मात्र यंदा हा कार्यक्रमच नको वाटतो. माझ्या मनातून एक प्रसंग जात नाही. पतीच्या निधनाला महिना होतो न होतो तोच आमच्या एका बहिणीला अशाच सभेत साक्ष देण्यास सांगण्यात आले. ती उभी राहिली, "देव चांगला आहे, सर्वांचे आभार," एवढेच बोलून खाली बसली, आणि त्यानंतर ती उपासनेला आलेली नाही. आम्ही काय करावे?

उत्तर: उपकारस्तुतीचा रविवार रद्द करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, परंतु मदत घेतलेल्या कुटुंबांना पुढे बोलावून त्यांच्याकडून आभार वदवून घेण्याचा विचार समितीने तितक्याच स्पष्टपणे सोडून द्यावा. ज्याच्यावर संकट कोसळले आहे त्याने कृतज्ञ असावे, अशी मागणी करण्याचा अधिकार ज्याच्यावर ते कोसळलेले नाही त्याला नाही.

सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, हे पौलाचे वचन अशा वेळी हमखास पुढे केले जाते. ते ज्या थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिले गेले ती छळ सोसत होती आणि आपल्यातील मृतांसाठी शोक करीत होती, आणि त्याच पत्रात पौल त्यांना एकमेकांचे सांत्वन करण्यास आणि जे खचले आहेत त्यांना धीर देण्यास सांगतो. सांत्वनाचा विषय आधीच्या अध्यायात येतो आणि उपकारस्तुतीची आज्ञा त्यानंतर. शिवाय ती आज्ञा संपूर्ण मंडळीला उद्देशून आहे, रांगेत बसलेल्या एका विधवेकडे बोट दाखवून केलेली नाही.

मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली यांच्या घराण्याच्या इतिहासातील एक घटना आपल्या समितीसमोर अवश्य ठेवावी. 1709 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील एपवर्थ येथील पाळकगृहाला रात्री आग लागली. जॉनचे वडील, पाळक सॅम्युएल वेस्ली यांनी मुलांना बाहेर काढले, तेव्हा पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावरच राहिल्याचे लक्षात आले. जळता जिना त्यांचा भार घेईना, तेव्हा त्यांनी गुडघे टेकून त्या मुलाचा आत्मा देवाच्या हाती सोपवला. इतक्यात जॉन खिडकीत दिसला, आणि एका माणसाच्या खांद्यावर दुसऱ्याने उभे राहून त्याला खाली घेतले. घर, पुस्तके, हस्तलिखिते, सगळे जळून गेले. त्या वेळी सॅम्युएल यांनी शेजाऱ्यांना गुडघे टेकून देवाचे आभार मानायला बोलावले आणि म्हटले की, माझी आठही मुले मला मिळाली आहेत, घर गेले तर जाऊ दे, मी पुरेसा श्रीमंत आहे. या प्रसंगातील दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली ही की, त्यांनी घर जळाल्याबद्दल आभार मानले नाहीत. वाचलेली मुले मोजून मग आभार मानले. दुसरी ही की, ज्याचे घर जळत होते त्याने स्वतः होऊन हे शब्द उच्चारले. तेच शब्द एखाद्या शेजाऱ्याने त्यांना ऐकवले असते, तर ती निष्ठुरता ठरली असती. आपल्या त्या बहिणीच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

देणाऱ्यांचा हुरूप वाढावा, हा समितीचा हेतू मी समजू शकतो, कारण वर्षभर खिशातून आणि अंगमेहनतीने देणारी माणसेही थकतात. परंतु याविषयी मेथॉडिस्ट परंपरेत फार जुना आणि नेमका नियम आहे. जॉन वेस्ली यांनी निधी सांभाळणाऱ्या कारभाऱ्यांना घालून दिलेल्या नियमांत असे सांगितले आहे की, मदत मागणाऱ्याशी वाईट शब्दाने बोलू नये किंवा त्याच्याकडे वाईट नजरेने पाहू नये, मदत करता येत नसेल तर निदान दुखवू नये, आणि माणसांकडून आभारांची अपेक्षा ठेवू नये. हे शेवटचे वाक्य देणाऱ्यांसाठी आहे. ते समितीच्या पुढील बैठकीत मोठ्याने वाचावे, म्हणजे कोणाची नावे घ्यायची आणि कोणाची राहून गेली, या वादाला मुळातच जागा उरणार नाही. देणगीचे आकडे आणि देणाऱ्यांची नावे व्यासपीठावरून वाचली गेली, की घेणाऱ्यांची नावे न वाचताही सर्वांना कळतात. लहान मंडळीत तर हमखास.

मग आभार मानायचेच नाहीत का? मानायचे, आणि ते मंडळीच्या वतीने पाळकांनी किंवा समितीने मानायचे. मात्र "सर्व ज्ञात-अज्ञात हितचिंतकांचे" अशा ठरावाच्या भाषेत नव्हे. पाळक आजारी असताना उपदेशाची जबाबदारी कोणी उचलली, दफनविधीच्या आदल्या रात्री मृताच्या घरी कोण जागे बसले, कोणी रोज लवकर येऊन मंदिराचे दार उघडले आणि झाडलोट केली, हिशेबाच्या वह्या कोणी रात्री उशिरापर्यंत तपासल्या, हे एकेक काम सांगून आभार मानावेत. कामाचे नाव घेतल्याने कोणाच्याही गरजेचा बोभाटा होत नाही. ही माणसे देणगीदारांच्या यादीत सहसा नसतात, आणि वाईट दिवसांत मंडळीचा गाडा मुख्यतः त्यांच्याच बळावर चालतो. मला विचाराल, तर या रविवारची निम्मी वेळ त्यांनाच द्यावी.

उपासनेचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. आरंभीच स्तुतिगीते नकोत. वर्षभरात निधन पावलेल्यांची नावे वाचावीत, थोडा वेळ शांतता पाळावी, आणि मग तेरावे स्तोत्र वाचावे. "हे परमेश्वरा, कोठवर?" या प्रश्नाने सुरू होणारे ते लहानसे स्तोत्र शेवटी गाण्यापर्यंत पोहोचते खरे, पण प्रश्नावरून उडी मारून नव्हे. जे शोकात आहेत त्यांचे दुःख अगोदर उच्चारले गेले, म्हणजे पुढच्या उपकारस्तुतीत त्यांना परके वाटत नाही. त्यानंतरही ज्याला गाता येत नसेल त्याने गाऊ नये. त्याच्या वाटचे इतरांनी गावे, आणि पाळकांनी हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

साक्षींना आपल्याकडे जागा नेहमीच होती. मोरावियन बंधू या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाकडून वेस्ली यांनी प्रीतिभोजनाची प्रथा घेतली, त्यात साधी भाकर आणि पाणी सर्वांना देत आणि ज्याला आतून स्फूर्ती होई तो आपला अनुभव सांगे. तसे प्रीतिभोजन उपासनेनंतर ठेवता येईल. वक्त्यांची यादी आधी करू नये, कोणाला भरीस घालू नये, आणि कोणीच बोलले नाही तर शांतपणे भाकर खाऊन प्रार्थनेने समारोप करावा.

एका रविवारच्या कार्यक्रमापेक्षा लहान गटांकडे मात्र आपण अधिक लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. क्लास मीटिंगची, म्हणजे मेथॉडिस्ट सभासदांच्या लहान गटाच्या साप्ताहिक बैठकीची, सुरुवात 1742 मध्ये ब्रिस्टल येथे कर्ज फेडण्यासाठी झाली. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांमागे एक पुढारी असावा, आणि ज्याला पेनी परवडत नसेल त्याची ती पुढाऱ्याने भरावी, असे ठरले. पैसे गोळा करायला पुढारी घरोघर जाऊ लागले, तेव्हा कोणाच्या घरात काय चालले आहे ते दिसू लागले, आणि मग वर्गणीची ही व्यवस्था एकमेकांच्या आत्म्याची विचारपूस करण्याची जागा झाली. दहा-बारा जणांच्या अशा गटात माणूस दुःखही बोलतो आणि आभारही मानतो, कारण तिथे ऐकणाऱ्याला त्याच्या घरची परिस्थिती आधीपासून ठाऊक असते. आपल्या मंडळीत असे गट बंद पडले असतील, तर ते पुन्हा सुरू करण्यास हेच वर्ष योग्य आहे.

राहिली ती बहीण. ज्या व्यक्तीने तिला साक्ष देण्यास सांगितले, तिने स्वतः जाऊन क्षमा मागावी. "आमचा हेतू चांगला होता" हे वाक्य त्यात नसावे. शिष्टमंडळ नेऊ नये, आणि उपासनेला येण्याचा आग्रह पहिल्या भेटीत तर मुळीच करू नये. तिच्या पतीविषयी ती बोलू लागली, तर ऐकून घ्यावे.

प्रश्न: शस्त्रक्रियेनंतर मी घरातच असतो. मंडळीतील माणसे आळीपाळीने येऊन जेवण देतात, औषधे आणतात, प्रार्थना करतात. परतफेड करण्याची माझी ऐपत नाही, त्यामुळे कोणी आले की मान वर करवत नाही. आभार कसे मानावेत?

उत्तर: परतफेडीचा विचार सोडून द्यावा, ही विनंती. वेस्ली यांनी 1755 मध्ये सुरू केलेल्या कराराच्या उपासनेत, म्हणजे देवाशी बांधिलकी नव्याने स्वीकारण्याच्या उपासनेत, आपण देवाला सांगतो की, तू मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, मला भरलेले ठेव किंवा रिकामे ठेव, मी तुझाच आहे. आज आपण बाजूला ठेवलेले आहात, आणि त्या करारात ही जागा कमी प्रतीची मानलेली नाही.

येणाऱ्याला त्याच्या येण्याने नेमके काय झाले ते एका वाक्यात सांगा: आपण औषध आणले म्हणून रात्री झोप लागली, किंवा आपण स्तोत्र वाचले त्या दिवशी भीती कमी वाटली. "फार उपकार झाले" यापेक्षा ते त्याच्या अधिक लक्षात राहील. मग आभार तिथेच थांबवून त्याच्या घरची विचारपूस करा, आणि तो जे सांगेल ते ध्यानात ठेवून, प्रार्थनेत त्याचे नाव घेऊन, पुढच्या भेटीत त्याविषयी आठवणीने विचारा.