मुलाबद्दल कशाला सांगितलं?

ताई,
मी २३ वर्षांची, सांगलीत राहते, सीएचा अभ्यास करते. ताण फार वाढला म्हणून आईनं तिच्या भिशीतल्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं. दिवाळीच्या सुमारास मी त्यांना म्हणाले होते, ‘झोपल्यावर उठूच नये असं वाटतं.’ दुसऱ्या जातीतल्या मित्राबद्दलही बोलले होते. संक्रांत झाल्यावर एके दिवशी आई चपात्या लाटता लाटता म्हणाली, ‘तो मुलगा कोण? घर सोडायला लागलं तरी चालेल म्हणालीस ना?’ माझेच शब्द! बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ‘तुझ्या जिवाची काळजी होती, अशा वेळी घरच्यांना सांगावंच लागतं.’ खरंच असं असतं? आता कुणाकडे काही बोलावंसंच वाटत नाही.
— स.

प्रिय स.,

बाईंचं नंतर बघू. ते ‘उठूच नये’ अजून मनात येतं का? येत असेल तर आजच १४४१६ लाव. टेलिमानसची ही सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं. बाईंवरच्या रागात हा विषय गिळून टाकू नकोस.

आता त्यांच्या उत्तराकडे येते. जिवाला धोका असेल तर गुप्तता मोडता येते, हे खरं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये तसे अपवाद आहेत: कुणाचा जीव जाण्याची भीती, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारकच आहे. पण जीव वाचवण्यासाठीसुद्धा लागेल तेवढीच माहिती द्यायची, हेही कलम २३ मध्येच आहे. ‘तिला एकटं ठेवू नका, घरातल्या गोळ्या कपाटात बंद करा, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा,’ एवढं आईला सांगणं रास्त होतं. तेही शक्यतो आधी तुला विश्वासात घेऊन. मुलाबद्दल सांगून कुणाचा जीव वाचतो?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दिवाळीत बोललेली गोष्ट संक्रांतीनंतर घरी पोचली. काळजी होती, तर इतके दिवस त्या थांबल्या कशा? आणि आईनं तुला मुलाबद्दल विचारलं, झोपेबद्दल एक अक्षर नाही. मला तर वाटतं, सांगायला हवं ते राहून गेलं आणि भिशीत रंगेल तेवढंच पोचलं. मैत्रिणीच्या मुलीला त्यांनी समुपदेशनासाठी घ्यायलाच नको होतं, दुसरं नाव सुचवायला हवं होतं. फी आई भरत असली, तरी तू सज्ञान आहेस.

त्यांच्याकडे परत जाऊ नकोस. मनातलं सुनावायचं असेल तर चार ओळी लिहून पाठव: काय सांगितलं, कधी, कुणाला, माझ्या संमतीशिवाय का. लेखी विचारलं की ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणून वेळ मारून नेणं जरा अवघड जातं. त्यांची पाटी नीट बघ. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो आणि परिषदेकडे तक्रार करता येते. नुसतं ‘काउन्सेलर’ लिहिलेलं असेल, तर दाद मागायची जागा शोधताना दमशील. त्या पाटीवर आपल्याकडे अजून धड लगाम नाही.

पुढची व्यक्ती भिशी, सोसायटी, नातं या सगळ्यांच्या बाहेरची निवड. मिरजेत बघ, कोल्हापुरात बघ, नाहीतर ऑनलाइन. पहिल्याच भेटीत स्वतःबद्दल काही सांगण्याआधी विचार: ‘कुठल्या परिस्थितीत तुम्ही घरी फोन कराल? आधी मला सांगाल का? माझ्या नोंदी कोण बघतं?’ चांगला माणूस यावर चिडत नाही, बहुधा तोच आधी सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंच सज्ञान माणसाला साध्या कागदावर सही करून उपचारांच्या बाबतीत आपला प्रतिनिधी नेमता येतो. कागद नसेल तर ती जागा सहसा नातेवाइकाकडे जाते. तुझ्या विश्वासातली मावशी किंवा मैत्रीण असेल, तर तिचं नाव लिहून ठेव.

आईशी मुलाबद्दल आत्ताच बोललं पाहिजे असं नाही. पण झोपेचं तिला तुझ्या तोंडून कळू दे. ते तिला कुणी सांगितलंय असं मला वाटत नाही.

— ताई