२० वॅटच्या सोलर पथदिव्यासाठी मंद होणारा एलईडी ड्रायव्हर कसा डिझाइन करावा?

तुम्ही विचारलंय ते पुण्यातल्या सोसायटीच्या अंतर्गत रस्त्यासाठी: २० वॅटचा एलईडी, १२.८ व्होल्टची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी आणि मध्यरात्रीनंतर आपोआप मंद होणारा दिवा.

सर्किटच्या आधी रात्रीचा हिशेब मांडा. डिसेंबरात पुण्याची रात्र जवळपास १३ तासांची असते. ड्रायव्हरमधली (एलईडीला ठरावीक करंट देणाऱ्या सर्किटमधली) तूट धरून २२ वॅट रात्रभर ओढले तर २८६ वॅट-तास जातात. पहिले ५ तास पूर्ण आणि पुढचे ८ तास ३० टक्के ठेवले तर १६३. दोन रात्रींचा साठा हवा आणि बॅटरी ८० टक्केच वापरायची, तर ४०८ वॅट-तास लागतात. ३२७०० आकाराचे ६ अँपिअर-तासांचे सेल, ४ सिरीज आणि ६ पॅरलल, म्हणजे ४६०. पावसाळ्यातलं आभाळ लक्षात घेता पॅनेल ७५ वॅटपेक्षा लहान नको.

बॅटरी १० ते १४.६ व्होल्टमध्ये फिरते, म्हणून १२ एलईडी सिरीजमध्ये (सुमारे ३६ व्होल्ट) आणि बूस्ट ड्रायव्हर (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून देणारा) घ्या. एलईडीची माळ १४.६ व्होल्टपेक्षा कमी ठेवली तर बूस्ट बंद असतानाही इंडक्टर आणि डायोडमधून दिवा जळत राहतो. २०० किलोहर्ट्झला ४७ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर पुरतो. पीक करंट २.६ अँपिअरच्या आसपास येतो, पण सॅच्युरेशन (ज्या करंटला कोअर भरून इंडक्टर निकामी होतो ती मर्यादा) ४ अँपिअरचं हवं. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, सुटे मिळणारे, रेटिंग न छापलेले इंडक्टर इथेच दगा देतात: कमी बॅटरीवर कोअर सॅच्युरेट होतो आणि मॉसफेट (स्विचिंग करणारा ट्रान्झिस्टर) जळतो. मॉसफेट आणि शॉटकी डायोड दोन्ही ६० व्होल्टचे घ्या.

आता मंद करणं. पीडब्ल्यूएमने, म्हणजे वेगवान स्पंदांनी, दिवा चालू-बंद करण्याऐवजी करंटच कमी करा. कमी करंटला एलईडी दर वॅटमागे जास्त प्रकाश देतो. पीडब्ल्यूएममध्ये हा फायदा मिळत नाही, शिवाय कमी फ्रिक्वेन्सी असेल तर सीसीटीव्हीत पट्टे दिसतात. ड्रायव्हरचा आयसी २०० मिलिव्होल्ट फीडबॅकचा असेल तर सेन्स रेझिस्टर (एलईडीचा करंट मोजणारा) ०.३९ ओहम. सेन्सपासून फीडबॅक पिनपर्यंत १ किलोओहम. मायक्रोकंट्रोलरच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून १० किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम १० किलोओहममधून आणा, तिथे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला, आणि पुढे १२ किलोओहममधून त्याच फीडबॅक पिनवर. मायक्रोकंट्रोलरची पिन शून्यावर असताना सुमारे ५३० मिलिअँपिअर, पूर्ण ३.३ व्होल्टला साधारण २८ टक्के. त्याच पिनला १ किलोओहमचा पुल-अप (३.३ व्होल्टला जोडलेला रेझिस्टर) द्या, म्हणजे कंट्रोलर रीसेट झाला तरी दिवा मंदच राहतो. २५ टक्क्यांच्या खाली जाऊ नका. तिथे सेन्सवर ५० मिलिव्होल्टच उरतात आणि आयसीचा ५ मिलिव्होल्टचा ऑफसेटसुद्धा करंटमध्ये १० टक्के चूक करतो.

बॅटरीचं व्होल्टेज बघून प्रकाश ठरवायची सवय लेड-ॲसिडची. या बॅटरीचं व्होल्टेज मधला बराच काळ १३ च्या आसपासच घुटमळतं, आणि खाली येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्याऐवजी दिवसभरात शंटमधून (करंट मोजायच्या छोट्या रेझिस्टरमधून) किती अँपिअर-तास आत आले ते मोजा आणि त्यावरून रात्रीचा कार्यक्रम ठरवा. व्होल्टेज फक्त शेवटच्या राखणीला: १२ व्होल्टला प्रकाश किमान पातळीवर, ११.२ ला दिवा बंद.

संध्याकाळ ओळखायला पॅनेलचंच व्होल्टेज पुरतं. ५ च्या खाली सलग २ मिनिटं गेलं की दिवा लावा, ७ च्या वर गेलं की बंद करा. हे अंतर ठेवलं नाही तर ढग सरकतील तसा दिवा लुकलुकतो.

दोन संरक्षणं विसरू नका. एलईडीची तार सुटली तर बूस्ट व्होल्टेज चढवतच जातो, म्हणून ४५ व्होल्टला कट-ऑफ. आउटपुट शॉर्ट झालं तर मात्र ड्रायव्हर काहीच करू शकत नाही, बॅटरी थेट डायोडमधून वाहते. इनपुटला ५ अँपिअरचा फ्यूज हवाच.