मातीचा कुत्रा पाठीमागून बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. रोमन काळातल्या इजिप्तमधला गुबगुबीत, शेपटी वळवलेला, गळ्यात पट्टा असलेला मातीचा कुत्रा. खाली तू लिहिलंयस, 'मुलांचं खेळणं'. विद्यार्थी असताना मीही असंच लिहून मोकळा व्हायचो.

आधी त्याची पाठ बघ. नाईलच्या गाळाची माती पुढच्या-मागच्या साच्यांत दाबायची, दोन्ही अर्धी जोडायची, भट्टीत तडकू नये म्हणून मागे भोक ठेवायचं. वर पांढरा लेप. रंग मात्र भाजून झाल्यावर द्यायचे, म्हणून ते टिकत नाहीत. (हातात आला तर धुऊ नकोस!) पाठ बहुधा सपाट, बिननक्षीची असते. मला वाटतं, ती कुणी बघणारच नव्हतं.

याच काळात कुत्र्यावर एका बाजूला पाय सोडून बसलेली इसिस देवीही घडवत. ही इसिस-सोथिस. सोथिस म्हणजे आपला व्याध; ग्रीकांना त्या ताऱ्यात शिकारी नाही, कुत्रा दिसला. तो पहाटे पुन्हा उगवू लागला की नाईलला पूर यायचा, आणि सगळी शेती पुरावर. पण म्हणून प्रत्येक मातीच्या कुत्र्याला सोथिसचा करू नकोस. ती दुसऱ्या टोकाची घाई.

त्याहून कितीतरी शतकं जुने मातीचे नाग घे. अमार्ना या इजिप्तच्या जुन्या राजधानीतल्या घरांतही सापडलेत, बहुतेक मोडके. नुसते पाहिले असते तर काय म्हणालो असतो कोण जाणे. पण देर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीतल्या एका खापरावर मंत्र आहे: तोंडात ज्वाळा असलेले शुद्ध मातीचे चार नाग करून झोपायच्या खोलीच्या चार कोपऱ्यांत ठेवावेत, रात्रीची भीती येत नाही. पुजारी नाही, देऊळ नाही. माती आणि चार कोपरे, बस. मला हा मंत्र फार आवडतो.

तेव्हा तुझा कुत्रा कुठे सापडला ते शोध: घरात, थडग्यात की उकिरड्यावर? बाजारातून संग्रहालयात आला असेल, तर तसं स्पष्ट लिही आणि 'खेळणं' खोडून टाक.

सुट्टीत धाराशिवजवळच्या तेरला जा. इजिप्तमधल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या पहिल्या शतकातल्या सागरी वर्णनात ज्याला 'तगर' म्हटलंय, ते हेच. तिथल्या लामतुरे संग्रहालयातही दुहेरी साच्यातल्या पोकळ मृण्मूर्ती आहेत. जोडाची रेघ कुठून जाते ते बघ आणि मला कळव.

तुझा,
सर